खडावा उंबऱ्याबाहेर

गल्लीच्या कोपऱ्यावर लाल लाळेरं बांधलेला दगडी जिझो, लेकरांचा आणि वाटसरूंचा राखणदार देव, उभा होता. त्याला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायचं, दोन्ही हात जोडायचे आणि मगच दिवसाचं पहिलं काम हातात घ्यायचं, हा सोनोए उएमात्सुचा नेम. ताप असो, टायफून असो, नेम चुकला नव्हता.

पहिलं काम म्हणजे फोन पुसणं. ओसाकातल्या होनमाचीत एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर ‘मिनामो’ ही मोबाइलवरच्या जाहिरातींची कंपनी होती, आणि तिच्या मागच्या बाजूला एक बिनखिडकीची खोली. खोलीत भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर एकशे तेरा फोन. सगळे घडीचे. कुणाचं बिजागर सैल, कुणाचे आकडे अंगठ्यांनी झिजलेले. “जपमाळेपेक्षा पाच जास्त,” सोनोए म्हणायची. मऊ फडक्याने एकेक फोन पुसायचा, उघडायचा, चार्जिंग बघायचं, आणि हळूच म्हणायचं, “सुप्रभात.” बाहेरची पोरं हसायची. तिला ‘फोनमावशी’ म्हणायची. तिने कधी मनावर घेतलं नाही. तिचा आवाजच असा मऊ, की रागावली तरी समोरच्याला वाटायचं चौकशी करतेय.

साल दोन हजार सहा. देशभर मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्या मुख्यतः तीन, आणि तिघींची चूल वेगळी. एकीच्या फोनवर जे पान छान दिसायचं ते दुसरीच्या फोनवर वेडंवाकडं व्हायचं आणि तिसरीच्या फोनवर अर्ध्यात तुटायचं. म्हणून ही खोली. सोनोएने फोनांच्या पाठीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या: पहिल्या कंपनीला निळी, दुसरीला पिवळी, तिसरीला हिरवी. आता सगळं ऑफिस त्या कंपन्यांना रंगांनीच ओळखायचं.

जुलैच्या दुसऱ्या सोमवारी विभागप्रमुख मोरिवाकी खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. पोट पुढे, हातात पंखा.

“मावशी, एक वाईट बातमी आहे आणि एक फार वाईट. आधी कोणती देऊ?”

“आधी गोळी घ्या,” म्हणत सोनोएने ॲप्रनच्या खिशातून लिंबाची गोळी काढून दिली. ओसाकातल्या बायकांच्या खिशात गोळी नाही असं होत नाही.

मोरिवाकींनी गोळी गालात धरली. “शुक्रवारी मिनाबेहून तानिगामी-सान येताहेत. उमेबोशीवाले, त्या खारवलेल्या आंबट उमे-फळांचे. त्यांना सांगायचंय, की हिरव्यावरची जाहिरात बंद करा. निळ्यावर शंभर जण जाहिरात दाबून आत येतात, तर साडेतीन जण उमेबोशी मागवतात. पिवळ्यावर दोन. आणि हिरव्यावर दोनशेत एक. लाज वाटते आकडा सांगायला.”

“आणि फार वाईट?”

मोरिवाकींनी पंखा जरा जोरात हलवला. “कुरोसु-कुनने त्याच्यावर अहवाल लिहिलाय. फरक पडतो तो माणसांमुळे, फोनांमुळे नाही, असं म्हणतो. तोक्योच्या मुख्य कचेरीला ते पटलं. आता विचारतात, मग ती फोनांची खोली कशाला? एकशे तेरा लाइनींचं भाडं कशाला? शुक्रवारच्या बैठकीत ठरेल.”

“खोली बंद?”

“तुम्हाला काढणार नाही हो. फाइली लावायच्या जागेवर…” गोळी या गालातून त्या गालात गेली.

ते गेल्यावर सोनोए उरलेले फोन पुसत बसली. हात थांबले नाहीत, पण सुप्रभात म्हणायचं राहून गेलं. या खोलीत येण्याआधी सव्वीस वर्षं ती छापखान्यात होती. शिशाचे खिळे जुळवायची. दहा हजार खिळ्यांच्या खणांतून डोळे मिटून हवं ते अक्षर उचलायची. मग संगणक आले, छापखाना बंद पडला, आणि त्या बोटांना काही कामच उरलं नाही. सहा वर्षांपूर्वी या खोलीने त्यांना पुन्हा काम दिलं. आता दुसऱ्यांदा कुणीतरी म्हणत होतं की हाताने तपासायची गरज नाही.

त्या संध्याकाळी तिने चहा सोडला. मागणं मोठं असलं की देवाला आपल्या आवडीचं काहीतरी द्यावं लागतं, ही तिच्या आईची शिकवण. भाजलेल्या पानांचा होजिचा म्हणजे सोनोएचा जीव की प्राण. म्हणून तोच सोडला. हिरव्यावर असं का होतं, हे सगळ्यांना कळेपर्यंत नुसतं गरम पाणी.

* * *

कुरोसु सत्तावीस वर्षांचा. तोक्योहून वर्षभरापूर्वी आलेला, हुशार, नम्र, आणि ओसाकाच्या विनोदांवर दोन सेकंद उशिरा हसणारा. मंगळवारी सकाळी सोनोए त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

“कुरोसु-सान, हिरव्यावर दोनशेत एक म्हणता, ते कोणतं हिरवं?”

“म्हणजे?”

“माझ्याकडे हिरवे एकतीस आहेत. परवाचा आहे आणि पाच वर्षांपूर्वीचाही आहे. त्यांतला कोणता?”

कुरोसु सौम्यपणे हसला. “उएमात्सु-सान, मी कंपनीवार बेरीज केलीय. हिरव्याचं गिऱ्हाईक तरुण असतं. विद्यार्थी. उमेबोशी हा आजोबांचा पदार्थ. आत येतात, बघतात, जातात. साधी गोष्ट आहे.”

“पण उमेबोशीची जाहिरात दाबून आत येणारा विद्यार्थी…”

“कुतूहल,” कुरोसु म्हणाला. “आणि पानं आम्ही तपासलीत. संगणकावर तिन्ही कंपन्यांचे नकली फोन आहेत. प्रत्येकाचा एकेक. सगळं व्यवस्थित दिसतं.”

“एकेक,” सोनोए म्हणाली.

“शितावरून भाताची परीक्षा, असं तुम्ही लोकच म्हणता ना?”

“म्हणतो. पण सगळा भात एकाच भांड्यातला असेल तर.” आणि तिने त्याच्या टेबलावर एक गोळी ठेवली.

खोलीत येऊन तिने दार लावून घेतलं. जाहिरात दाबल्यावर उघडणारं पहिलं पान ती नेहमी तपासायची. नियमात तेवढंच होतं. पुढची ऑर्डरची पानं कुरोसुच्या टोळीने केलेली, ती नकली फोनांवर तपासली जायची. आता तिने ठरवलं, हिरव्या पट्टीचा प्रत्येक फोन घ्यायचा आणि गिऱ्हाइकासारखं पहिल्यापासून शेवटापर्यंत जायचं. नाव, नावाचा उच्चार, पिनकोड, पत्ता, फोन, सगळं अंगठ्याने लिहायचं. दाराजवळच्या फळीपासून सुरुवात केली. तिथे नवे फोन होते.

नाव स्वतःचंच लिहिलं. खोटं नाव लिहायचं नाही, हाही तिचा एक नेम.

नऊ फोन झाले. नऊही ठिकाणी शेवटी ‘आभारी आहोत’ असं पान आलं. कुरोसुचंच खरं असेल तर?

बुधवारी सकाळी खोलीतला फोन खणखणला. एकशे तेरांपैकी नव्हे, भिंतीवरचा.

“मी मिनाबेहून तानिगामींकडून बोलतेय. उएमात्सु सोनोए-सान तुम्हीच का?” बाईचा आवाज समुद्रकाठचा, मोकळा. “तुमच्या नावावर कालपासून नऊ डब्यांच्या ऑर्डरी आल्यात हो. एकाच पत्त्यावर! घरात लग्न आहे का?”

सोनोए लाजेने कानापर्यंत तापली. “माफ करा, माफ करा. ती चाचणी आहे.”

“चाखणी? मग एक डबा पुरे की! आमची उमेबोशी एक चाखली की दुसरी लगेच खाववत नाही. तोंड असं होतं,” आणि बाईंनी पलीकडे खरोखरच तोंड आंबट केलं असावं, कारण पुढचे शब्द चिमटून आले.

सोनोएला हसू फुटलं. मग तिने सगळं सांगितलं. हिरवे फोन, दोनशेत एक, शुक्रवार.

तानिगामी-बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “एक सांगू? लोक मला फोन करून ओरडतात. ‘दोनदा पत्ता लिहिला, दोन्हीदा उडाला.’ मी आपली म्हणते, आजोबा, चष्मा लावून बघा. नाहीतर मलाच तोंडी सांगा, मी लिहून घेते.”

“कोणत्या कंपनीचा फोन, म्हणाले का ते?”

“ते मी कशाला विचारू? हां, एक आजी म्हणाल्या होत्या. ‘माझा फोन जुना आहे, माझ्याएवढाच.’ आम्ही दोघी हसलो.”

सोनोएने रिसीव्हर भिंतीवर अडकवला आणि हात तसाच त्यावर दाबून धरला. ‘दोन्हीदा उडाला.’ म्हणजे माणूस शेवटपर्यंत येत होता. बघून जात नव्हता. शेवटच्या पानावरून परत पाठवला जात होता.

ती उठली आणि थेट सगळ्यात आतल्या फळीकडे गेली. चार वर्षांपूर्वीचा, जाड, मोठ्या अक्षरांचा, हिरव्या पट्टीचा फोन घेतला. पहिलं पान, उमेबोशीचं चित्र, नाव, पत्ता. अंगठा दुखला. शेवटचं पान उघडलं. वर तिचा पत्ता, आणि खाली जिथे दोन एमोजी असायला हव्यात तिथे:

〓　〓

सोनोए खुर्चीवर बसली. सव्वीस वर्षं जी खूण तिने शोधून शोधून उपटली होती, ती तिच्याकडे बघत होती.

छापखान्यात एखादा खिळा नसला की त्याच्या जागी दुसरा कुठलातरी उलटा खोचून ठेवायचे. छापल्यावर त्याच्या बुडाचा ठसा उमटायचा, दोन जाड रेघा. दोन दातांच्या लाकडी गेता, म्हणजे आपल्या खडावा, चिखलात उमटाव्यात तशा. म्हणून त्या खुणेला ‘गेता’च म्हणत. तिचा अर्थ एवढाच: इथलं अक्षर माझ्याकडे नाही. कच्च्या प्रतीत चालायचं. पण छापायच्या प्रतीत एकही खडाव दिसली, की म्हातारे मालक इगाराशी पट्टी आपटायचे. “खडावा उंबऱ्याबाहेर! घरात कुणी पायताण घालून येतं का?”

तिने फोनवर बघितलं. ठळक पट्टी आपोआप पहिल्या खडावेवर बसली होती. कोणताही माणूस तेच दाबेल. तिने दाबलं. पान कोरं झालं. नाव गेलं, पत्ता गेला.

* * *

शुक्रवारी दहाला बैठक. मोठ्या टेबलाच्या एका बाजूला मोरिवाकी आणि कुरोसु, समोर तानिगामी. सत्तरीचे, उन्हात रापलेले, नखांच्या कडांना उमे पिळल्याचा तांबूस डाग कायमचा. सोनोए भिंतीशी, मांडीवर झाकलेला ट्रे घेऊन. समोर चहा आला. तिने पेला हळूच बाजूला सरकवला.

कुरोसुने तक्ता दाखवला. तानिगामींनी ऐकून घेतलं, मग मान खाजवली.

“मुला, तू शिकलेला आहेस. पण माझ्याकडे विद्यार्थी गिऱ्हाईकच नाही. पोस्टकार्डांनी ऑर्डरी येतात ना, त्यांचं अक्षर बघ. सगळी थरथरणारी. हिरवा काय न् पिवळा काय, फोन हातात आला म्हणून माणूस तरुण होतो होय?”

“आकडे तसं सांगतात,” कुरोसु म्हणाला. आवाजात उर्मटपणा नव्हता, फक्त खात्री होती.

“साहेब,” सोनोए म्हणाली. इतकी हळू, की मोरिवाकींनी पंखा थांबवला. “तानिगामी-सानांना एक विनंती. आपलीच उमेबोशी एकदा मागवून बघाल का? या फोनवरून.” तिने ट्रेवरचं फडकं उचललं. त्यात एकवीस फोन होते, हिरव्या पट्टीचे. सगळ्यात जाड फोन तिने त्यांच्या पुढे ठेवला.

तानिगामींचा अंगठा म्हणजे उमेच्या झाडाची फांदी. एका अक्षरासाठी तीन तीन दाबण्या. आपल्या प्रांताचं नाव ‘वाकायामा’ लिहायलाच दोन मिनिटं. मोरिवाकींनी घड्याळ बघितलं. कुरोसुने घसा साफ केला. म्हातारा जिभेचं टोक बाहेर काढून मन लावून लिहीत होता, जणू देवळातली वही भरतोय. अकरा मिनिटांनी तो विजयाने म्हणाला, “झालं! आता हे काय? दोन रेघा आणि दोन रेघा?”

“तुम्हाला काय वाटतं?” सोनोएने विचारलं.

“पुढे जायचं असणार.” त्यांनी दाबलं. पडद्याकडे बघितलं. फोन उलटा केला, सुलटा केला. “अहो, माझा पत्ता कुठाय?”

“गेला.”

“गेला? आता पुन्हा लिहू? मेलो तरी नाही लिहिणार! माझीच उमेबोशी आहे, तरी नाही!”

मोरिवाकी एवढे हसले की गोळी घशात अडकली. कुरोसु मात्र हसत नव्हता. त्याने फोन जवळ ओढला होता.

“ही नक्षी नाही?” तो म्हणाला. “एका गिऱ्हाइकाने पडद्याचा फोटो पाठवला होता, त्यात मी हे पाहिलं होतं. मला वाटलं, पानाची किनार आहे.”

“ही खडाव आहे,” सोनोए म्हणाली. “तुमच्या वयाच्या माणसाने छापखाना पाहिला नाही, तर कसं कळणार. शेवटच्या पानावर तुम्ही शब्द लिहिले नाहीत, दोन एमोजी घातल्या. मागे फिरणारा बाण म्हणजे ‘बदल करा’, हसरा चेहरा म्हणजे ‘मागवा’. निळ्याच्या एमोजी. नवे हिरवे फोन त्या ओळखतात. जुन्यांकडे ती अक्षरंच नाहीत, म्हणून ते प्रामाणिकपणे सांगतात, माझ्याकडे हे नाही. दोन्हीकडे तेच सांगतात. बाण पहिला, म्हणून बोट बाणावर. एकतीसांपैकी या एकवीसांवर असं होतं. मी प्रत्येकावर लिहून बघितलं.”

“एकवीसदा पत्ता?” तानिगामींनी डोळे विस्फारले.

“एकतीसदा. नऊ ऑर्डरी तुमच्याकडे पोचल्याच आहेत. दहावी येईल, एक नवा फोन राहिला होता.”

“अरेच्चा! नऊ डबे मागवणारी ती बाई तुम्ही!”

सोनोएने मान लववली, पण थांबली नाही. आता थांबायचं नव्हतं. “कुरोसु-सान, फोन दारात आला की आपलं नाव सांगतो ना? कोणत्या कंपनीचा, कोणता नमुना? ते कुठेतरी लिहिलेलं असेल.”

कुरोसुने संगणक उघडला. दहा मिनिटं फक्त कळांचा आवाज. मग त्याचे कान हळूहळू लाल झाले. “हिरव्यावरच्या सगळ्या ऑर्डरी,” तो म्हणाला, “नव्या दहा नमुन्यांवरच्या आहेत. आत येणाऱ्यांत मात्र पाचांपैकी चार जण जुन्या फोनांवाले. आणि त्यातले पुष्कळ जण शेवटच्या पानापर्यंत आलेत. निळ्यापेक्षा जास्त.” तो उठला आणि कमरेत वाकला. “मी बेरीज केली. आत डोकावलो नाही.”

“बेरीज बरोबरच होती,” सोनोए म्हणाली. “भांडी तीन नव्हती, एवढंच. ती एकशे तेरा आहेत. पिवळ्याचंही सांगू?”

“पिवळ्याचंही आहे?” मोरिवाकी जवळजवळ ओरडले.

“नावाचा उच्चार लिहायच्या रकान्यात पान फक्त काताकाना लिपीतली कोनदार अक्षरं घेतं. निळ्या फोनवर रकाना आपसूक काताकानातच उघडतो, कारण पानाने तसं सांगितलंय. पण निळ्याच्या भाषेत सांगितलंय. पिवळ्याला ती भाषा कळत नाही, तिथे गोल अक्षरं उघडतात. माणूस गोल अक्षरांत नाव लिहितो आणि पान म्हणतं, चूक. आपल्याच नावाला चूक म्हटलेलं कुणाला आवडेल? तरीही शंभरात दोघं चिकाटीने लिहितात, हीच उमेबोशीची थोरवी.”

तानिगामी टेबलावर हात आपटून हसले. मग एकदम गंभीर झाले, उठले, आणि फोनमावशीसमोर इतके खाली वाकले की त्यांचं विरळ डोकं सोनोएला वरून दिसलं. तीही वाकली. दोघं बराच वेळ तशीच.

* * *

दुरुस्तीला दुपार पुरली. दोन एमोजींच्या जागी दोन शब्द: ‘मागवा’ वर, ‘बदल करा’ खाली. पिवळ्याला पिवळ्याच्या भाषेत सांगितलं. कुरोसुने शब्द लिहिले आणि पान खुलं करण्याआधी आपणहून खोलीत आला. दोघांनी मिळून शेवटपर्यंत तपासलं, हिरवे आणि पिवळे सगळे. त्याच्या अंगठ्याला फोड आला.

“तुम्ही पाणीच का पिताय?” त्याने विचारलं. “चहा संपलाय का?”

“सोडलाय. कळेपर्यंत.”

“पण आता कळलंय की.”

सोनोए विचारात पडली. नवस शब्दाने बघितला तर फिटला होता. “एक जुना हिरवा फोन शेवटपर्यंत पोचू दे,” ती म्हणाली. “मग.”

चार वाजून दहा मिनिटांनी कुरोसुच्या पडद्यावर एक ओळ उमटली. तोत्तोरीच्या कुणा बाईंनी, तानिगामींच्या हातात दिला होता त्याच नमुन्याच्या जाड फोनवरून, दोन डबे मागवले होते. कुरोसु उठला. तो स्वयंपाकघरात गेला आणि होजिचा करून आणला. बराच कडू, पानं जरा जास्तच उकळलेली. सोनोएने तो दोन्ही हातांनी धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

महिन्याअखेरी जुन्या हिरव्या फोनांवर शंभरात चार जण मागवत होते. निळ्यावरच्या साडेतीनपेक्षाही जास्त. कुरोसुच्या नव्या तक्त्यात कंपनीच्या रकान्याशेजारी नमुन्याचा रकाना आला. मोरिवाकींनी मुख्य कचेरीला एका ओळीचं पत्र लिहिलं: खोली राहील. आणि खाली, न विचारता: कोणतंही पान उघडण्याआधी तिथून जाईल. खोलीच्या दारावर कुणीतरी पाटी लावली, ‘खडावा उंबऱ्याबाहेर’. नवी माणसं ती वाचून बूट काढायला लागली. सोनोएने त्यांना अडवलं नाही. फोनही तेवढेच स्वच्छ राहतात.

पाटी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिझोपुढे उभी राहिली. तांब्या वाहिला. हात जोडले. रात्रभर मनात एक टोचणी होती: बैठकीत ती बोलली होती तेव्हा छाती फुगली होती, चांगली वीतभर, आणि पिवळ्याचं सांगताना तर तिला गोडच वाटलं होतं. अहंकाराची क्षमा मागायची, असं ती गल्लीभर ठरवत आली होती.

तोंड उघडलं आणि तिला ते एकवीस फोन आठवले. कुणाकडे अक्षर नव्हतं, तर त्यांनी तसं सांगितलं होतं, आणि वर्षानुवर्षं कुणीतरी ते रोज पुसत होतं म्हणून ते सांगणं ऐकू आलं होतं.

“देवा,” ती पुटपुटली, “क्षमा उद्या मागते. आज एवढा राहू दे.”

आणि ती फोन पुसायला गेली. एकशे तेरा. प्रत्येकाला सुप्रभात.